दारात अडकलेला गेंडा

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात?

आमच्या राष्ट्रीय संग्रहालयाची दर्शनी भिंत पाडायची की नाही, हे परवा तुझी समिती ठरवणार म्हणे. पाडा बाई एकदाची! लोकांना ही इमारत दाखवून दाखवून माझी जीभ झिजली. पहिला वास्तुविशारद बर्फाच्या मुलखातला. बर्फ घसरावा म्हणून त्याने उतरतं छप्पर केलं. इथे बर्फ फक्त सरबतात! (पाणी मात्र घसरत नाही, सरळ नाण्यांच्या दालनात उतरतं.) तो गेला, सुटला. दुसऱ्याला घुमटाची हौस. घुमट असा बसवला, की तिकीट देणारी बाई शिंकली की वरच्या मजल्यावरचे लोक दचकतात. दर्शनी खांब आतून पोकळ, टिचकी मारली तर डब्यासारखे वाजतात. आणि पाटीवर काय, तर 'भव्य वास्तू'. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

त्यात तो एकसंध दगडी गेंडा. इमारतीच्या आधी तोच आला, म्हणून जोत्यावर ठेवला आणि भिंती त्याच्याभोवती चढवल्या. हे मी रोज घसा फोडून सांगतो, पण आमच्या संचालकसाहेबांनी कधी ऐकलं असेल तर शपथ. त्यांना गेंडा नव्या काचेच्या इमारतीत न्यायचा होता. दाराची उंची मोजली, गेंड्याची लांबी मोजली. रुंदी कुणी मोजलीच नाही. सोमवारी ओंडक्यांवरून ओढला आणि मुख्य दारात बसला घट्ट. तोंड रस्त्यावर, बूड आत. प्रेक्षक आता स्वच्छतागृहाशेजारच्या दाराने येतात. यावर साहेबांचा तोडगा काय, तर भिंतच पाडा. अकलेचे तारे नुसते!

घरी थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, संचालकांना काही नाही.

तुझा भाचा

ता. क. वरचं सगळं खरं आहे, पण संमती देऊ नकोस. मी त्या भिंतीला शिव्या घालतो तो घरचा मामला. दुसऱ्याने पहार उचललेली मला खपायची नाही. गेंड्याला मागून दोर लावला तर तो सहज मागे येतो, मिस्त्रीने पाहून ठेवलंय. साहेबांना सांगायची मात्र कुणाची छाती नाही. तूच सांग, तू आमच्या बाबांनासुद्धा गप्प बसवायचीस. माझं नाव घेऊ नकोस.

ता. क. दुसरा. भिंत पडली की मलाही नव्या इमारतीत धाडणार आहेत. काल पाहून आलो. लिफ्ट आहे, गारवा आहे, नाव ठेवायला कुठे जागा नाही. आत्या, मी दिवसभर लोकांना सांगू काय गं?