विमान जाईपर्यंत

बाबा, कोरियाहून परत येऊन आम्हाला काही महिने झाले आणि मी तुमच्याच खुर्चीत, स्वयंपाकघरातल्या तुमच्याच टेबलाशी बसून हे लिहितेय. भावनेचा भाग नाही, दुसऱ्या खुर्चीवर आईचे कपडे वाळत घातलेत म्हणून. तुम्ही गेलात तेव्हा मी युनिव्हर्सिटीत होते. त्यानंतरचं तुम्हाला काहीच माहीत नाही. लग्न पाहिलं नाहीत, जावई पाहिला नाहीत, आणि आम्ही दोघं नवराबायको इंग्रजी शिकवायला कोरियाला गेलो होतो हेही तुमच्या कानावर असायचं कारण नाही. असतं तर तुम्ही मंडळाच्या गणपतीत माइक हिसकावून भाषण ठोकलं असतंत, बापाचं अपुरं राहिलेलं काम लेकीनं पुरं केलं वगैरे. तसलं काही नव्हतं. नवऱ्याची नोकरी संपली होती, मला माझ्या ऑफिसचा वीट आला होता आणि तिकडं दोघांना मिळून काम आणि वर राहायला फ्लॅट देत होते. आम्ही गेलो. काम पुरं करायला नाही, घरभाड्यातून सुटायला.

मला तुमचं ते अपुरं काम लहानपणापासून पाठ आहे. आई नर्स म्हणून इथं लंडनच्या हॉस्पिटलात आली, तुम्ही तिच्या व्हिसावर मागून आलात, बरोबर मी. गडहिंग्लजच्या हायस्कुलात तुम्ही ‘सर’ होता, इंग्रजीचे सर, गावात तुम्हाला बघून लोक सायकलवरून उतरायचे. इथं आल्यावर वर्षभर कागदपत्रं जमवलीत आणि शेवटी एका शाळेनं बोलावलं. इथल्या पद्धतीप्रमाणं नुसती मुलाखत नाही, वर्गावर एक तास घेऊन दाखवायचा, मागं हेडमिस्ट्रेस बसणार. तुम्ही सूट शिवून घेतलात. नोकरी मिळाली नाही. मग तुम्ही विमानतळाच्या कार्गो शेडमध्ये लागलात आणि शेवटपर्यंत तिथंच राहिलात, आणि शेवटपर्यंत घरी येणाऱ्या प्रत्येक माणसाला तीच गोष्ट सांगितलीत. “तास उत्तम रंगला होता. मी मुद्द्यावर आलो आणि वरून विमान आलं. मी थांबलो. ते गेलं तोवर मुलांचं लक्ष गेलं होतं. नाहीतर नोकरी आपलीच होती.”

विमान. विमानतळाला चिकटलेल्या हाउन्सलोत. जिथं उतरणाऱ्या विमानाची चाकं आपल्या छपरावरच्या अँटेनाला लागतील की काय असं वाटतं, जिथं दुपारी विमानं दुसऱ्या धावपट्टीवर गेली की शांततेनंच माणूस दचकतो, त्या गावात एका विमानानं तुमची नोकरी खाल्ली. पाहुणे माना डोलवायचे. मी पोळीचा तुकडा मोडत खाली बघायची, कारण वर बघितलं असतं तर माझ्या तोंडावर काय आहे ते सगळ्यांना दिसलं असतं. मला तुमची कीव येत नव्हती बाबा. कीव यायला निदान माणूस खरं बोलतोय असं वाटावं लागतं.

खरं कारण मला माहीत होतं, कारण मी तुमच्याबरोबर पोस्ट ऑफिसच्या रांगेत उभी राहिले आहे. तुम्ही काउंटरवर स्टँप मागितलात, ती मुलगी म्हणाली, “सॉरी?” तुम्ही तेच अधिक मोठ्यानं म्हणालात. “सॉरी, लव्ह?” मग तुम्ही एकेक शब्द तोडून, गडहिंग्लजच्या शेवटच्या बाकावरच्या पोरांना सांगावं तसं सांगितलंत. शेवटी मी सांगितलं आणि तिनं लगेच दिले. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, “अर्धशिक्षित आहे ती.” आणि मला दुसऱ्याच आठवड्यात वाढदिवसाला रेडिओ आणून दिलात. बाकीच्या मुलींना स्केट्स मिळायचे. मला बातम्या. बातम्या वाचणारी बाई जे वाक्य म्हणेल ते तिच्यामागून म्हणायचं, रोज, जेवायच्या आधी, याच टेबलाशी. एकदा मी शाळेतल्यासारखं “आय ऐन्ट डन नथिंग” म्हणाले तर तुम्ही ताट बाजूला सरकवलंत आणि म्हणालात, “ही भाषा बोलायची असेल तर कार्गोत चल माझ्याबरोबर, पेट्या उचलायला.” आई म्हणाली, “जेवा आधी.” मी ते वाक्य शुद्ध करून पुन्हा म्हणाले. शाळेत मला पोरं ‘सिक्स ओ’क्लॉक न्यूज’ म्हणायची.

आणि ते बोट. विमान आलं की तुम्ही तर्जनी वर करायचात, वाक्य जिथं असेल तिथं सोडायचात, आम्ही सगळे घास हातात धरून बसायचो, आणि आवाज ओसरला की तुम्ही त्याच शब्दापासून पुढं सुरू करायचात. शेजारचे पंजाबी काका विमानावरून ओरडून बोलायचे, आईसुद्धा बोलत राहायची. तुम्ही मात्र थांबणार. जणू आकाशातल्या पायलटनं तुमची परवानगी घ्यायला हवी होती. मला वाटायचं, कसला हा तोरा.

कोरियाला जायचं ठरलं तेव्हा मंडळात जी करमणूक झाली ती तुम्ही चुकवलीत. वॉटफर्डचे एक काका म्हणाले, “कोरिया? नॉर्थ की साउथ?” त्यांच्या बायकोनं विचारलं, “गॅप इयर का गं? या वयात?” आणि तिसरे, जे स्वतःच्या मुलाच्या शाळेत पेरेंट्स इव्हनिंगला तोंड उघडत नाहीत, ते म्हणाले, “पण त्यांना इंग्लिश कशाला? ते तर सगळं ऑलरेडी मॅन्युफॅक्चर करतात.” तुमचा जावई शेजारी उभा राहून मोदक खात होता. तो ग्लासगोचा आहे, गोरा, ताडमाड, स्वभावानं गरीब. त्याचं इंग्रजी लंडनच्या बस ड्रायव्हरलाही कळत नाही. निम्मी अक्षरं तो गिळतो आणि उरलेली घशातून काढतो. तुम्ही त्याला तुमच्या टेबलाशी बसवून रेडिओ लावला असता.

आमचा क्लास एका मध्यम शहरात होता, चौथ्या मजल्यावर, खाली तळलेल्या कोंबडीचं दुकान. शाळा सुटल्यावर मुलं तिथं इंग्रजीला यायची आणि अंधार पडेपर्यंत असायची. पहिल्याच आठवड्यात जिन्यात आमच्या क्लासचं पोस्टर लागलं. त्यावर तुमचा जावई हसतोय, अंगठा वर करून, खाली लिहिलंय की इथं अस्सल उच्चार शिका. मी त्या फोटोत होते. म्हणजे काढला तेव्हा होते, छापला तेव्हा माझ्या जागी एक पृथ्वीचा गोल होता. त्यानं ते पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाला. मला हसू आलं. मी म्हटलं, निदान गोल तरी दिलाय.

शहराला लागून हवाई दलाचा तळ होता. लढाऊ विमानं अशी जायची की खिडक्यांच्या काचा वाजायच्या. जावई त्यावरून ओरडून शिकवायचा, त्याला काही फरक पडत नव्हता, त्याचं एरवीही कळत नव्हतंच. मी थांबायची, बोट वर करून. मला कळायचंही नाही की मी थांबलेय. एक दिवस फळ्याकडून वळून बघते तर अख्ख्या वर्गाची बोटं वर, सगळी पोरं गंभीर, वाक्य अर्ध्यात. आवाज गेला आणि त्यांनी नेमका पुढचा शब्द एका सुरात उचलला. मला इतका संताप आला बाबा. जगाच्या दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावर, तुमची बोटं.

मग हिवाळ्याच्या तोंडावर त्यांची ती परीक्षा आली, कॉलेजात जायची. मुलांची अख्खी शाळा त्या एका दिवसासाठी असते. त्या दिवशी दुपारी मी आणि क्लासची मालकीणबाई खिडकीशी उभ्या होतो आणि मला काहीतरी चुकल्यासारखं होत होतं. घरी दुपारी विमानं पलीकडं गेल्यावर होतं तसं. मी तिला विचारलं, “आज विमानं नाहीत?” ती म्हणाली, “आता इंग्रजी ऐकण्याचा पेपर चालू आहे. तो संपेपर्यंत देशात कुठंही विमान उडत नाही, उतरत नाही. जी वर आहेत ती वरच घिरट्या घालतात.” ती हे असं सांगत होती जसं आपण सांगतो की उद्या बँका बंद आहेत. मी खिडकी धरून उभी राहिले. एक अख्खा देश तर्जनी वर करून बसला होता. पोरांना इंग्रजी नीट ऐकू यावं म्हणून. मला वाटलं आता हसू येईल, आलं नाही. मला तुमचा सूट आठवला, आणि तुमचा एवढा राग आला की चुकीच्या देशात येऊन, चुकीच्या आकाशाखाली उभं राहून तुम्ही थांबत राहिलात.

पुढं मुलांच्या आयांसाठी क्लासनं खुला तास ठेवला. मागं ओळीनं आया, हातात फोन. मालकीण कोपऱ्यात. दोघांचे तास झाल्यावर पुढच्या वर्षीचं ठरणार होतं, आणि नोकरी दोघांची एकत्र होती, एकाची गेली की फ्लॅटही गेला. माझा तास फार चांगला झाला, हे मी मंडळातल्यांसारखं सांगत नाही, झालाच. मधे विमान आलं. मी बोट वर केलं, मुलांनी केलं, आम्ही सगळे थांबलो, आया आमच्याकडं बघत राहिल्या. विमान गेलं, मुलांनी बरोबर शब्द पकडला. मागं कुणी टाळी वाजवली नाही. जावयाच्या तासाला वाजली. तो काय बोलला ते मलाही कळलं नव्हतं.

संध्याकाळी मालकिणीनं मला ऑफिसात बोलावून व्हिटॅमिनच्या पेयाची छोटी बाटली हातात दिली. तिकडं वाईट बातमी अशी देतात. तिचं इंग्रजी स्वच्छ होतं, आमच्या पोस्टरवरच्या माणसापेक्षा कितीतरी, पण स्वतःच्या क्लासमध्ये ती शिकवू शकत नव्हती, चेहरा तिचाही चालत नव्हता. ती म्हणाली, “आया म्हणतात, विमान आलं की टीचर थांबते. वेळ जातो.” मी म्हटलं, ठीक, नाही थांबणार. तिनं बाटलीचं झाकण मला उघडून दिलं. मग म्हणाली, “आया म्हणतात, त्यांना इंग्लंडची टीचर हवी.” मी म्हटलं, मी हाउन्सलोची आहे. ती म्हणाली, “मला माहीत आहे. तुमचा आवाज फार सुंदर आहे. आपण असं करू, तुम्ही आत बसून ऐकण्याच्या पाठांचं रेकॉर्डिंग करा. वर्गात नवरा उभा राहील.” म्हणजे तुमचा रेडिओ, बाबा. मला पुन्हा रेडिओत बसवत होते.

मी जावयाला सगळं सांगितलं. त्यानं जिन्यातलं पोस्टर उपटलं आणि म्हणाला, “राइट. दॅट्स अस अवे, देन.” म्हणजे चला, निघू या. बॅगा भरताना मी त्याला म्हटलं, आईला यातलं काही सांगायचं नाही.

परत आलो त्या आठवड्यात एकदा आई इथं स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. जावई वर झोपला होता. तिनं मान वर न करता विचारलं, “काय झालं गं नक्की?” माझ्या तोंडून जे आलं ते मी ठरवलेलं नव्हतं. मी म्हटलं, “खुला तास होता. मधेच विमान आलं. मी थांबले, ते त्यांना चाललं नाही.”

आई पानं खुडत राहिली. “एवढंच?”

“एवढंच.”

“अजून काही नाही म्हणाले?”

“नाही गं.”

तिनं काड्यांची जुडी बाजूला ठेवली. “त्या शाळेचा फोन मीच घेतला होता,” ती म्हणाली. “हेडमिस्ट्रेस चांगली बाई होती. म्हणाली, युअर हजबंड इज अ लव्हली मॅन, बट द चिल्ड्रेन कुडन्ट अंडरस्टँड अ वर्ड. हे मागच्या दारी सूटला ब्रश मारत उभे होते. त्या दिवशी घरी आल्यावर म्हणाले होते ना, मधे विमान आलं होतं म्हणून. तर मी म्हटलं, अहो, त्या विमानामुळं सगळं बिनसलं म्हणते ती. हे म्हणाले, अजून काही म्हणाली का? मी म्हटलं, नाही.” मग तिनं मेथी चाळणीत घातली आणि नळ सोडला. वरून विमान जात होतं. ती बोलत राहिली, नेहमीसारखी, पाण्याचा आणि विमानाचा आवाज मिसळून मला पुढचं ऐकू आलं नाही.

तर बाबा, तुम्ही खोटं बोलत नव्हता. तुम्ही ते खरं मानून बसला होता, आणि म्हणून प्रत्येक विमानाला बोट वर करून थांबत होता, की पुन्हा मुद्दा हातचा जाऊ नये. मी इतकी वर्षं तुम्हाला ढोंगी समजले. आता भोळे समजते. राग तेवढाच आहे, फक्त तो कुठं ठेवायचा ते कळत नाही. आणि हे पत्र तुम्ही जिवंत असतात तरी मी पाठवलं नसतं. आईनं जे इतकी वर्षं सांभाळलं ते मी एका स्टँपवर कशाला घालवू. कागद उद्या रिसायकलिंगच्या पेटीत जाईल.

एक मात्र कबूल करते. परवा मंडळात वॉटफर्डच्या त्याच काकूनं विचारलं, “काय गं, एवढ्यात परत?” जावई उत्तर द्यायला तोंड उघडत होता. मी त्याच्या आधी म्हटलं, “विमानांचा फार त्रास होता हो तिकडं.” काकू म्हणाली, “विमानांचा? आणि राहायला हाउन्सलोत आलात?” सगळे हसले. मीही हसले, आणि पुढच्या माणसानं विचारल्यावर पुन्हा तेच सांगितलं.