सदतिसावा प्रश्न

नालवाडी, वर्धा
मंगळवार

प्रिय इला,

तुझ्या आईकडून पत्ता घेतला. फोन नंबरही तिने दिला, पण फोनवर मी दुसऱ्याच वाक्याला भांडणावर येते, हे तुला माहीत आहे. म्हणून लिहायला बसली. चौथीपर्यंतचं शिक्षण आणि त्यात लिहायची सवय गेलेली, तेव्हा अक्षराला हसू नको. हसलीस तरी मला कुठे दिसणार आहे म्हणा.

तुझ्या काकांना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. त्यांच्या चाहत्यांनी त्यासाठी एक पुस्तिका काढायचं ठरवलं आहे. चाहते हा त्यांचाच शब्द. मी त्यांना चहावाले म्हणते, कारण येतात आणि चहा पितात. मुख्य म्हणजे श्रीनिवास, तो बँकेतून रिटायर झाल्यापासून मोकळाच आहे. आणि त्याच्या जोडीला रूपराव मास्तर. रोज चार वाजले की माझ्या पुढच्या खोलीत यांची कचेरी भरते. दिवाणावर कागद, टीव्हीवर कागद, पंखा लावला की आरडाओरड. परवा मी म्हणाली, तुमच्या घरी काय पंखे नाहीत का? तर रूपराव हसतो आणि म्हणतो, “काकू, इथं सरांचा वास आहे.” वास कशाचा, अमृतांजनचा होता. तोही आता गेला.

पुस्तिकेत काकांच्या ‘आजची खेळी’ या सदरातले लेख, फोटो आणि शेवटी शंभर प्रश्न. बुद्धिबळाचे अर्धे, काकांवरचे अर्धे. पुण्यतिथीला याच प्रश्नांची स्पर्धा ठेवणार आहेत म्हणे. माणूस गेला आणि यांना स्पर्धा सुचते. दिवसभर एकमेकांना प्रश्न टाकतात. पांढऱ्याला पहिल्या खेळीचे पर्याय किती? वीस. अठ्ठेचाळीस डाव खेळून निकाल न लावताच थांबवलेला जगज्जेतेपदाचा सामना कधीचा? यावर दोघांची अर्धा तास जुंपली. रूपराव म्हणे त्र्याऐंशी, श्रीनिवास म्हणे शहाऐंशी. माझी इकडे भाजी लागत होती. शेवटी स्वयंपाकघरातूनच ओरडली, चौऱ्याऐंशीला सुरू झाला आणि पंच्याऐंशीत थांबवला, आता चूप बसा! श्रीनिवासने तेच लिहून घेतलं. मला खेळता येत नाही गं, घोडा अडीच घरं जातो यापलीकडे काही कळत नाही. पण जेवताना हा माणूस दुसरं बोलत होता का? तीस वर्षं पोळीबरोबर हेच खाल्लं मी.

आणि काकांबद्दल यांना माहीत काय, तर कोणत्या सालच्या स्पर्धेत त्यांनी कोणाला बरोबरीत रोखलं. माणूस डाव्या कानाने बहिरा होता हे एकालाही माहीत नाही. प्रश्न विचारला की सर दोन-दोन मिनिटं विचार करायचे, असं छापणार आहेत. अरे, विचार कसला! तुम्ही डाव्या बाजूला बसत होता, त्यांना ऐकू येत नव्हतं.

असो. राग आला तो सदतिसाव्या प्रश्नाचा. कच्चा छापलेला कागद दिवाणावर पडला होता, मी बोट ठेवून ठेवून वाचला. ‘मधुकररावांचे सदर कोणत्या शिष्येच्या पत्रामुळे बंद पडले?’ खाली उत्तर, ‘कु. इला, नालवाडी.’

मी तो कागद श्रीनिवासच्या नाकासमोर धरला. म्हटलं, हे काढ. तो म्हणतो, “काकू, हा इतिहास आहे. त्यात तिची काही बदनामी नाही. उलट पोरगी हुशार होती असंच दिसते.” मी म्हटलं, इतिहास आपल्या घरचा लिही, तुझ्या पोराला बारावीत किती मार्क पडले ते छाप. तर रूपराव मधे पडला, “काकू, तुम्ही काऊन एवढ्या चिडून राह्यल्या? सगळ्यांना माहीतच आहे ना हे.” शनिवारी ती पुस्तिका छापायला जाणार आहे. पाचशे प्रती. नागपूर-अमरावतीपर्यंत वाटणार.

सगळ्यांना माहीतच आहे. सतरा वर्षं हेच ऐकून राहिली मी. रविवारच्या पेपरात कोडं आलं, पांढऱ्याने तीन खेळ्यांत मात करायची, आणि मात काही होत नव्हती. मग तेरा वर्षांच्या पोरीने पेपराला पत्र लिहिलं की सरांचं कोडं चुकलं. सरांनी ते छापलं, महिनाभरात सदर बंद. यांनी गोष्ट रचून टाकली. काही म्हणतात, सरांनी मुद्दाम चुकीचं कोडं टाकलं, शिष्यांची परीक्षा घ्यायला. काही म्हणतात, वय झालं होतं. बावन्न वर्षांच्या माणसाचं वय झालं म्हणे. आणि तुला तर स्पर्धेच्या मांडवात कोणीतरी तोंडावर म्हटलं होतं ना, गुरूचं सदर खाऊन बसली म्हणून. त्यानंतर तू आमच्याकडे आली नाहीस. पट सोडलास तो सोडलासच. समोरून सायकल घेऊन जायचीस तर मान पलीकडे. मी ओट्यावरून पाहत होती. हाक मारली नाही.

आता तुला माहीत नाही ते सांगते. तुझं पत्र आधी घरीच आलं होतं, पेपरवाल्यांनी काकांकडे पाठवलं होतं. ते वाचून हा माणूस किती खूश झाला! उभं राहून दोनदा मोठ्याने वाचलं. “जयवंता, हिनं पाहिलं! चाळीस वाचकांनी नुसतं लिहिलं की उत्तर सापडत नाही, हिनं काऊन सापडत नाही ते लिहिलं!” तू लिहिलं होतंस की काळं प्यादं एक घर बाजूला असतं तर तीन खेळ्यांत मात होते. त्यांनी लगेच पट मांडला, प्यादं एक घर सरकवलं, आणि झाली मात. तुझं पत्र छापा असा आग्रह त्यांचा होता. खाली ‘चूक माझी, मुलगी बरोबर’ हे त्यांनी आपल्या हाताने लिहिलं. आणि सदर पेपराने बंद केलं नाही, इला. संपादकाचा दोनदा फोन आला, मी उचलला होता. वाचकांना ती मुलगी फार आवडली, तिला घेऊन पुढचे लेख लिहा, असं म्हणत होता. यांनीच नाही म्हटलं. बंद करा म्हणाले, माझ्या डोक्याचा मला भरवसा राहिला नाही.

भरवसा का गेला, ते आता ऐक. त्यांची पद्धत तुला ठाऊक आहे. रविवारी कोडं दिवाणावरच्या पटावर जमवायचं, रात्रभर तसंच ठेवायचं, आणि सोमवारी सकाळी पट पाहून कागदावर उतरवायचं. मग पाकीट नागपूरला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हाती स्टेशनवर द्यायचं. मला त्या दिवाणाचा राग होता. घरात बसायला जागा तेवढीच, त्यावर आठवड्यातले दोन दिवस याची लाकडं. त्या सोमवारी माझे भाऊ-भावजय येणार होते रोहण्याहून. हे आंघोळीला गेले तेव्हा मी चादर बदलायला म्हणून पट उचलला. सगळं नीट राहिलं, एक काळं प्यादं तेवढं घरंगळून खाली गेलं. ते कुठे होतं ते मला आठवेना. पांढऱ्या घरात होतं की त्याच्या शेजारच्या काळ्यात. मी म्हटलं, काळं प्यादं काळ्याच घरात असणार. ठेवलं आणि चहा टाकायला गेली. त्यांनी गाडीच्या घाईत पट पाहिला, उतरवला, पाकीट बंद केलं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं. सरळ विचारलं, “तू पट हलवला होता का?” रागाने नाही, आशेने विचारलं गं. हो म्हटलं असतं तर ते हसले असते, पुढच्या लेखात छापून टाकलं असतं की घरच्या बाईने राजाला पळवलं. पण मी सूप घेऊन दारात उभी, तोंडाला कुलूप नाही. म्हटलं, तुमच्या लाकडांना मी हात लावत नसते. तुमचंच डोकं आता चालत नाही. दोन वाक्यं. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही, त्यांनी ते खरं धरलं. त्या दिवसापासून गॅस बंद केला का ते तीनदा उठून पाहायचे, कुलूप चारदा ओढायचे. सकाळी मला विचारायचे, आज बुधवारच ना? मी वैतागून म्हणायची, कॅलेंडर नाही का घरात. कधीतरी सांगू असं मनात यायचं. मग म्हणायची, आता इतक्या दिवसांनी काय. पाच वर्षांनी म्हटलं आता काय, दहा वर्षांनी म्हटलं आता काय. गेल्या फेब्रुवारीत दवाखान्यात त्यांचा हात धरून बसली होती, उजव्या कानाच्या बाजूला, तेव्हाही पाणी पाहिजे का एवढंच विचारलं.

श्रीनिवासला आणि रूपरावला गुरुवारी समोर बसवून हे सगळं सांगणार आहे. प्रश्न नाही काढला तर प्रेसमध्ये जाऊन बसेन, मला तिथून कोण उठवतो पाहू. त्यासाठी पत्राची गरज नव्हती. पत्र लिहिलं ते काल पत्ता घ्यायला गेली तेव्हा तुझी आई जे बोलली त्यामुळे. काका गेले तेव्हा तू आली नाहीस म्हणून मी वर्षभर तुझ्यावर रागावून होती, शेजारणींजवळ बोललीही. काल तुझी आई म्हणाली, आली होती. पुण्याहून रात्रभर गाडीत बसून आली, वर्ध्याच्या स्टेशनवर उतरली, दोन तास बाकावर बसली, आणि परतीच्या गाडीने गेली. आईला म्हणाली, कोणत्या तोंडाने जाऊ. पोरी, तोंड लपवायचं होतं ते माझं होतं. माझी चूक सतरा वर्षं तुझ्या अंगावर घालून मी आरामात बसली. माफ कर म्हणणार नाही, माफी मागून सुटायचं आणि वरून चहा प्यायचा, हे मला जमत नाही. तू तेराव्या वर्षी जे पाहिलंस ते बरोबर पाहिलंस, आणि ते पाहिलं म्हणून तुझे काका जेवढे खूश झाले तेवढं खूश झालेलं मी त्यांना आयुष्यात दुसऱ्या कशाने पाहिलं नाही. हे त्यांनी तुला सांगायचं होतं, माझ्यामुळे राहून गेलं. पत्र वाचून झालं की रडत बसू नको, फोन उचल आणि मला शिव्या दे. मी मधे बोलणार नाही.

अजून म्हणू देत असशील तर, तुझीच
जयवंताकाकू