किल्ली गुरुवारी कुठे होती

३ जून
तिसऱ्यांदा! किल्ली पुन्हा माझ्याच देखरेखीखाली. वय सोळा. किल्लीशिवाय कुठलीही स्कूटर चालू करते, म्हणून हे नाव. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "ही शेवटची संधी. पुढच्या वेळी सरळ सुधारगृह." तिनं आत्याकडे राहायचं, सातच्या आत घरात. दर गुरुवारी सहाला मी घरी जाऊन बघायचं, भेटीच्या वहीत नोंदवायचं. परिवीक्षा अधिकारी म्हणून अशी एकवीस मुलं माझ्या गळ्यात.

१२ जून
गॅरेजवाल्या मिस्त्रींच्या अक्षरशः हातापाया पडले. "चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली देताय, बाई!" — पण कामावर ठेवून घेतलं तिला.

२७ जून
मिस्त्री म्हणाले, "पोरीचा हात फार साफ आहे." "काय गेलं?" मी लगेच विचारलं. ते कामाबद्दल बोलत होते.

११ जुलै, गुरुवार
गेले नाही. दोन सुनावण्या, एक पळालेला मुलगा, पाय उचलेनात. घरी येऊन आडवी झाले. वहीत लिहिलं — सहा वाजता भेट. मुलगी घरी. ठीक.
असं पहिल्यांदाच केलं.
खोटं. याआधी दोनदा केलंय.

१२ जुलै
काल सहाच्या सुमारास बाजारामागून एक स्कूटर चोरीला गेली. मालकाला दिसलं ते पाठमोरं कुणीतरी बारीकसं. पोलिसांनी किल्लीलाच उचललं. मी ठाण्यात पोचले तर हवालदार वैतागून म्हणाला, "तुमच्या वहीत ती घरी आहे. म्हणजे सोडणं आलं."
बाहेर आल्यावर ती हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही आलाच नव्हता."
"मग तू कुठे होतीस?"
"घरीच. तुमची वाट बघत होते."
आत्या कामावर. साक्षीला कुणी नाही. मागच्या दोन्ही वेळा तिनं असंच डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं होतं — आणि दोन्ही वेळा तीच निघाली!

१५ जुलै
तिनं चोरी केली असेल, तर ती माझ्या थापेवर सुटली. काय शिकली माझ्याकडून? नवऱ्याला सांगितलं. "तोंड शिवून बस. नोकरी जाईल."

१८ जुलै
बाल न्याय मंडळासमोर सगळं सांगून टाकलं. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला, माझी वही मागून घेतली. मला लेखी ताकीद. ती घरी असल्याचा पुरावाच उरला नाही; किल्लीला दोन वर्षं सुधारगृह.
आत्यानं बाहेर मला अडवलं. रडली नाही. "तुमचं मन हलकं झालं, बाई. माझी पोर गेली."
किल्ली गाडीत चढताना एवढंच म्हणाली, "मी खरंच घरी होते." मी मान वळवली. विश्वास बसला नाही, आणि बसावा असं वाटतही नव्हतं. बसला असता तर मी काय केलं होतं?

२५ जुलै
मिस्त्रींनी विचारलं, "कधी येणार पोरगी?" फोन ठेवून दिला.

२ ऑगस्ट
स्कूटर सापडली. चोरही. तिशीचा माणूस, अंगानं काडी. शहरभर सहा चोऱ्या कबूल केल्या. अकरा जुलै, बाजारामागची, तीही.
ती घरीच होती. सातपर्यंत दाराकडे बघत बसली असेल.

५ ऑगस्ट
सुटकेचा हुकूम घेऊन मीच सुधारगृहात गेले. अधीक्षकांनी बसायलाही सांगितलं नाही. "उशीर केलात. परवा दुपारी पळाली. आमच्या पहारेकऱ्याची स्कूटर घेऊन."
ही मात्र तिनंच चोरली.