सेतूनं ऐकायला सांगितलेली गाणी

८ जुलै, मंगळवार

कॅन्सरच आहे! सेतूच्या जिभेखालची गाठ. तोंड आलंय, तोंड आलंय म्हणत उन्हाळा काढला आम्ही.

अर्धी जीभ काढावी लागेल, जबड्याचं हाडही थोडं. खालचा ओठ पूर्वीसारखा मिटणार नाही. डॉक्टर तमिळमध्ये अगदी सावकाश सांगत होते, आम्हाला तमिळ येत नसल्यासारखं. घरात मराठी बोलतो, पण पिढ्यान्‌पिढ्या याच मुलखात राहतोय आम्ही. सेतूची बायको राजलक्ष्मी विचारत होती — जेवता येईल का, बोलता येईल का. सेतूनं एकच शब्द विचारला. "ट्रॉम्बोन?" डॉक्टरांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

माझा धाकटा भाऊ. कॉलेज सोडल्यापासून कृष्णस्वामींच्या बँडमध्ये लग्नांतून ट्रॉम्बोन वाजवतो — सरकत्या नळीचं पितळी वाद्य. दुसरं काही त्याला येत नाही, यावं असं वाटलंही नाही कधी.

घरात देवनागरी वाचणारी मी एकटी. म्हणून इथं लिहिते — शाळेत गेले, नववीला भूमितीचा तास घेतला, आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

१० जुलै

"कापून घ्यायचं नाही," सेतू म्हणतो. राजलक्ष्मीनं ताट आपटलं.

१३ जुलै, रविवार

कापीचा पेला घेऊन तिन्नैवर, दारापुढच्या ओट्यावर, बसले होते. सेतू शेजारी येऊन बसला, फोन पुढं केला. "अक्का, हे ऐक."

त्याचा तो जपानी बँड! आम्ही शाळेत होतो तेव्हापासून वाजवतायत म्हणे ते लोक, अजून वाजवतायत. सगळे एकसारखे सूट घालून नाचत नाचत फुंकतात. या वाजवण्याला 'स्का' म्हणतात. सेतूला पुष्कळ वर्षांपूर्वी फोनवर ट्रॉम्बोन शोधताना ते सापडले आणि तेव्हापासून तो वेडा झालाय. मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

"ऐकून काय करू?"

"मी बोलायचा बंद झालों, तर कुठलं ऐकायचं ते तुला कोण सांगणार? अत्ता सांगतों."

म्हणजे ऑपरेशनला तयार झाला का? विचारलं. "नाही. तसंही बंद होणारच ना," म्हणाला. अगदी साधेपणानं.

मी मांडीवर ताल धरला. जमेना! प्रत्येक वेळी हात चुकीच्या जागी पडतो. तो हसायला लागला, मग दुखलं म्हणून गालाला हात लावला. "अक्का, हात पडतो तिथं नाही. हात उचलतेस ना, तिथं वाजतंय ते."

मला गोंगाटच वाटला. छान आहे म्हणाले.

१६ जुलै

दुसरं गाणं. हे धावतं. सगळी पितळी वाद्यं एकदम अंगावर येतात. "हे सकाळी आंघोळीच्या आधी ऐकायचं," म्हणाला. आंघोळीच्या आधी!

उद्यापासून आडी महिना. महिनाभर लग्नं नाहीत, बँडला काम नाही. त्याला वाजवायला कुणी बोलावणार नाही याचं मला बरं वाटलं. कसली बहीण मी.

२० जुलै

रसमसुद्धा झोंबतं त्याला. ताकभात कुस्करून, थंड करून देते राजलक्ष्मी. तो घास तोंडात ठेवून बसतो. ती त्याच्याकडे बघत बसते. मी दोघांकडे.

आज म्हणाली, "अक्का, तुमचं ऐकतील ते. मी सांगितलं की बायको रडते एवढंच दिसतं त्यांना."

माझंही कुठं ऐकतो!

२२ जुलै

तिसरं गाणं संथ. यात कुणी गात नाही, ट्रॉम्बोनच गातो. समुद्रावर संध्याकाळ झाल्यासारखं वाटलं — नागपट्टिणमला शाळेची सहल नेली होती तेव्हाची. पुन्हा लाव म्हणाले. या वेळी खोटं नव्हतं.

"हे वाजवता येतं तुला?"

"येतं. लग्नात कोण ऐकणार? त्यांना सिनेमाचं पाहिजे."

वाजव म्हणाले. वाद्य काढलं, चार सूर लावले आणि थांबला. मुखनळीवर रक्त होतं. रुमालानं पुसून पेटीत ठेवलं.

२७ जुलै

डॉक्टर म्हणतात, आणखी थांबलात तर करण्यासारखं काही राहणार नाही. सेतू खिडकीबाहेर बघत होता.

३ ऑगस्ट, रविवार

आडीपेरुक्कु, नदीला पाणी चढतं त्याचा सण. तिरुवैयारूला गेलो तिघं. कावेरीला पाणी भरपूर, घाटावर पाय ठेवायला जागा नाही. बायका हळदीचे दोरे बांधून घेत होत्या. राजलक्ष्मीनं नदीत दिवा सोडला, हात जोडून किती वेळ उभी राहिली. मला काही मागता आलं नाही. कुणाकडं मागायचं, आणि काय? जीभ की भाऊ?

परत येताना बसमध्ये सेतूनं इयरफोनची एक तार माझ्या कानात घातली, एक त्याच्या. नवं गाणं. मधेच बोट वर केलं — "ऐक. इथं ट्रॉम्बोन गप्प बसतो."

आणि खरंच, तो आवाज गेला. बाकीचे वाजवत राहिले. तीच चाल, तोच उलटा ठोका.

मग मी बोलले. बसमध्येच, सगळ्यांच्या देखत, मराठीत — कुणाला कळणार होतं! "तूच ऐकवलंस ना आत्ता? गाणं पडलं का रे? तू गप्प बसलास तर आम्ही काय टाकून देऊ तुला? लिहून सांग. खुणेनं सांग. राजलक्ष्मीला बघत बसायला माणूस तरी राहू दे."

त्यानं कानातली तार काढली. पूल येईपर्यंत नदीकडं बघत होता. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "बरं."

एवढंच. बरं. मी जिंकले.

५ ऑगस्ट

ऑपरेशनला १८ तारीख मिळाली.

९ ऑगस्ट

कृष्णस्वामी सार आले. त्यांना सेतूनंच बोलावलं होतं. आवणी महिना लागला की लग्नं सुरू, ट्रॉम्बोन लागणारच. पापनाशम गावचा कुणी वाजवणारा मिळालाय. म्हातारा माणूस, तीस वर्षं बँड चालवला, पण मान वर करून बोलेना. "तुझी जागा तशीच ठेवतो सेतू," म्हणाले.

"जागा कशी रिकामी ठेवणार, सार? मिरवणूक चाललेली असते." आणि स्वतःचं वाद्य पेटीसकट त्यांच्या हातात दिलं. "याची स्लाइड जरा घट्ट आहे. त्याला सांगा, जोर करू नको."

ते गेल्यावर मी म्हणाले, "त्या जपानी लोकांचेही वादक बदलले असतील ना एवढ्या वर्षांत?"

"बदलले. काही मेले." थोड्या वेळानं — "आता गाणी नक्को, अक्का. दुखतं."

१२ ऑगस्ट

गाणी नाहीत. बोलतही फारसा नाही. अजून जीभ आहे तोवर तरी बोल रे! पण म्हणाले नाही.

शाळेत हजेरी घेताना बोट बाकावर आपटत होतं. ठोक्यावर नाही — मधे. मीच दचकले.

१४ ऑगस्ट

ऑपरेशनआधीच्या अस्क्या तपासण्या, एकूण एक, पुन्हा. दिवसभर बाकावर. राजलक्ष्मी पेज कशी गाळायची, नळीतून कशी द्यायची ते नर्सकडून शिकून घेत होती. नर्सला हसवतसुद्धा होती. पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काही बरं दिसलं.

मीही पाटी विकत आणली. खडू आहेतच माझ्याकडं.

१६ ऑगस्ट, शनिवार

ऑपरेशन नाही.

दोन्ही फुप्फुसांत पसरलंय. आता कापून उपयोग नाही, डॉक्टर म्हणाले. राजलक्ष्मी भिंतीला टेकून खाली बसली. मला बसमधलं माझं बोलणं आठवत होतं, शब्द न् शब्द.

सेतू म्हणाला, "म्हणजे जीभ राहिली." आणि माझ्या दंडाला धरून — "कृष्णस्वामी सारना फोन लाव, अक्का. माझं वाद्य परत माग. लोकर, अत्ताच."