ठमीनंतरचं बाळ

१२ मार्च

दादाच्या तान्ह्या ठमीचा अहवाल आला. ती जाऊन दोन महिने झाले, आता आला! दादा, वहिनी आणि मी गेलो. आईला गुडघ्यांचं निमित्त सांगून घरी ठेवलं.

कोलेस्टेरॉल म्हटलं की मला बाबांच्या गोळ्या आठवतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीराला ते लागतंच, त्यातूनच काही हार्मोन बनतात. पण पेशीच्या आत, जिथे ते बनतात, तिथे कोलेस्टेरॉल आपलं आपण शिरत नाही. एक प्रथिन त्याला आत नेतं. ठमीत ते प्रथिनच निकामी होतं. कोलेस्टेरॉल बाहेर साचत राहिलं, आत काही बनलंच नाही. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचं असं झालं, त्यात ती गेली.

मग बाई म्हणाल्या, ठमीची गुणसूत्रं मुलाची होती. वृषणांतल्या पेशींनाही हेच प्रथिन लागतं. पोटात असतानाच पुरुषाचं हार्मोन बनलं नाही, म्हणून शरीर बाहेरून मुलीचं घडलं.

दादा उठलाच. "मुलगी गेली माझी. आता ती मुलगीसुद्धा नव्हती म्हणताय?" — आणि बाहेर.

वहिनी हलली नाही. "ठमी ती ठमीच," एवढंच म्हणाली.

१३ मार्च

एक गोष्ट काल लिहिली नाही.

ठमी दिवसेंदिवस काळी पडत होती. आई म्हणायची, "आत्यावर गेली गं बाई!" वहिनी मला चिडवायची, "वन्सं, नऊ महिने ओझं मी वाहिलं आणि रंग तुमचा!" मी वरवर रागवायचे. आतून इतकी सुखावायचे! कामावरून आधी दादाकडे, मग माझ्या खोलीवर.

तो रंग आजाराचा होता. ग्रंथी काम करेना, म्हणून मेंदू तिला सारखा हाका मारत राहतो — त्यानेच कातडी काळवंडते म्हणे. ठमी रडायची नाही, तर आम्ही म्हणायचो, किती गुणी! रडायला ताकदच नव्हती.

माझ्यावर गेलीच नव्हती ती.

३० मार्च

कामावर गेले. आले.

२१ जुलै

वहिनीला तिसरा महिना. आईने हळूच सांगितलं, जणू चोरीच केली कुणी. आनंद झाला का? कळत नाही. प्रत्येक बाळाला चारात एक धोका, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

२ ऑक्टोबर

बाईंचं म्हणणं — जन्मताच रक्त घ्यायचं आणि अहवाल यायची वाट न बघता औषध सुरू करायचं. दोष निघालाच तर जन्मभर घ्यावं लागेल, पण मूल जगतं.

दादा ऐकत नाही. "अहवालाचं नाव काढू नकोस. एकदा वाचला तर पोरगी दुसऱ्यांदा गेली."

 मी नेहमीसारखी कपबशा उचलून आत गेले.

४ ऑक्टोबर

आज बोलले. दादाकडे जेवायला गेले होते, ताटावरच बोलले. "अहवालाने ठमी गेली नाही, दादा. वेळेत कळलं नाही म्हणून गेली."

आईचा घास हातातच राहिला.

"तुला काय कळतंय? तुझं काय गेलं?"

माझं काय गेलं!

वहिनीने शांतपणे आमटी वाढली. "रक्त घ्यायचं. पोटात माझ्या आहे, सही मी करीन." दादा पानावरून उठला. मी निघताना दार लावायलाही आला नाही.

१९ डिसेंबर

दादा अजून बोलत नाही. फोन आईच उचलते.

२२ जानेवारी

मुलगी. टाचेतून रक्त घेतलं, औषध सुरू केलं. दादा खिडकीकडे तोंड करून उभा. मी दारातूनच पाहिलं आणि परत आले. टाच टोचली तेव्हा रडली — मोठ्याने!

३ फेब्रुवारी

दादाचा फोन. स्वतःहून.

"औषध उलटलं तिने. सगळंच्या सगळं."

मी म्हटलं, "बाईंना विचार आधी!"

"विचारलं. परत द्या म्हणाल्या. दिलं. झोपलीय आता."

फोनमधून पाळणा हलवल्याचा आवाज आला. 

"अहवाल आलाय. ठमीचंच दुखणं आहे." मग म्हणाला, "पण वजन वाढलंय तिचं. संध्याकाळच्या औषधाला ये ना. माझा हात थरथरतो गं."