चारशे मशिनी आणि न दिसणारं हृदय

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. शिडीवरून पडल्यापासून दुखणारा गुडघा कसा आहे? मामी म्हणाली, दुकानांच्या पाट्या रंगवायला परत लागलात. शिडीवर चढू नका (ऐकणार नाही, ठाऊक आहे).

इकडे माझं डोकं फिरलंय. थंड खोलीतल्या चारशे मशिनी एकत्र मोठमोठी गणितं करतात, त्या मी सांभाळते. प्रोफेसरबाईंनी त्यांच्यावर हृदयातून रक्त कसं वाहतं याचं गणित मांडलं. सोमवारी मोठे डॉक्टर येणार, आणि त्यांना आकडे नकोत, चित्र हवं. पटलं तर बाईंचं काम रुग्णांपर्यंत जाईल, नाहीतर त्यांच्या निवृत्तीबरोबर कपाटात. बाई रागावत नाहीत, नुसतं "होईल ना गं?" विचारतात. त्याने जास्त लागतं.

चित्र काढणारं सॉफ्टवेअर बसवलं, तर म्हणे पडदा सापडत नाही. सापडेल कसा? या मशिनींना ना पडदा, ना चित्रांचं कार्ड. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी सभागृहातला मोठा टीव्ही ढकलत थंड खोलीत नेला (वाटेत दाराला जरा लागला, ते असो), तर मशिनीला त्याची वायर बसेना. मग पडदा असल्याचं सोंग करणारा प्रोग्रॅम लावला. सॉफ्टवेअर फसलं आणि लगेच कार्ड मागू लागलं. बोट दिलं की हात धरायचा, ही त्याची जात. शेवटी कार्डाशिवाय, साध्या प्रोसेसरकडूनच चित्र काढून घेणारी आवृत्ती मी स्वतः जुळवली. प्रत्येक मशिनीने हृदयाचा एकेक तुकडा रंगवायचा, असं ठरलं. पण त्यांनी आपसात बोलायची सोय मी चुकीची जोडली होती. प्रत्येकीला वाटलं, आपण एकटीच आहोत, आणि प्रत्येकीने अख्खं हृदय काढायला घेतलं. चार सुनांनी एकमेकींना न विचारता एकाच भाजीत मीठ घालावं, तसं झालं. साठवणीची जागा भरली, त्याच मशिनींवर चालणारं हवामानवाल्यांचं काम बंद पडलं, आणि ते सगळे माझ्या टेबलाभोवती उभे राहिले. त्यांच्याशी काय बोलले ते मामीला सांगण्यासारखं नाही.

बाकी क्षेम.

तुमची भाची

ता. क. आकडे सगळे माझ्याकडे आहेत. मी वाचून दाखवते, तुम्ही सभागृहाच्या भिंतीवर हृदय रंगवाल का? ब्रश घेऊन रविवारी या.

ता. क. मशिनींची आपसातली जोडणी सुधारून काम पुन्हा लावलं होतं, पाकीट चिकटवणार तोच चित्र आलं. सुरेख आहे. बाई बघून रडल्या, मीही. पण तरी याच. तो टीव्ही दाराला जरा नव्हे, चांगलाच लागलाय, काच फुटलीय, आणि सभागृहात दाखवायला तेवढा एकच होता. लाल रंग जास्त आणा. शिडीवर मी चढेन, तुम्ही खालून ओरडा.