सोळा मिनिटांचं वायफाय

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सांगोला, ता. ९ नोव्हेंबर २०२४

चि. श्रीशैल यास अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून हसशील. खिशात मोबाईल असून पोस्टात पाकीट टाकतोय! पण अप्पांचं विचारायला फोन लावतो आणि दुसरंच काहीतरी बोलून ठेवतो, म्हणून कागद घेतला.

तुझ्या कॉम्प्युटरच्या दुकानातलं गिऱ्हाईक म्हणून एक विचारतो. तू माझ्या लॅपटॉपवर टाकलेली फुकटची सिस्टीम छान चालते, पण वायफाय सारखं तुटतं. डाळिंबाच्या बागांचे फोटो ऑफिसला पाठवताना तर हमखास. कुणाचं तरी ऐकून वायफाय सांभाळणारा आणखी एक प्रोग्रॅम टाकला, तेव्हापासून जास्तच. कोणता ठेवू, कोणता काढू?

खरं विचारायचंय ते वेगळंच. दीक्षाशी लग्न केलं म्हणून चार वर्षांपूर्वी अप्पांनी मला घर बंद केलं. मीही त्यांचाच मुलगा, हट्टाला पेटलो. आलो तो त्यांच्या मातीलाच. शेवटी माझ्याबद्दल काही बोलले का रे? वाईट असलं तरी लिही.

अव्वाला नमस्कार सांग. आम्हा बापलेकांच्या हट्टात आई म्हणून तिनंच सोसलं.

तुझा
प्रभुलिंग

भवानी पेठ, सोलापूर, ता. १३ नोव्हेंबर

ती. अण्णा यांस श्रीशैलचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आधी दुकानदारी. एका घरात दोन कारभारी ठेवलेस, मग भांडणारच की! एकच ठेव. सिस्टीमसोबत आलेला मोठा प्रोग्रॅम ओळखीचं वायफाय दिसलं की न विचारता जोडून मोकळा होतो. तू नंतर टाकलेला लहान दरवेळी विचारतो. तू गावोगाव फिरणारा माणूस, भलतीकडे आपोआप जोडायला नको, लहानच बरा.

आता दुसरं. हे दोनदा लिहून फाडलं. घटस्थापनेच्या दोन दिवस आधी, दुपारी, तू आपल्या गल्लीत होतास. शेजारची पोरं आपलं नेट वापरतात, म्हणून मी अप्पांच्या मोबाईलवर सोय केली होती. कुणी जोडलं की नाव यायचं. त्या दिवशी तुझ्या लॅपटॉपचं नाव आलं, ‘प्रभुलिंग’. अप्पांनी अव्वाला हाक मारली, प्रभु आलाय की, सूनबाईबी असंल, चहा टाक. दार सताड उघडून खुर्चीत बसले. सोळा मिनिटांनी नाव गेलं. दार दिवेलागणीपर्यंत उघडंच होतं.

गुडघ्यांमुळे त्यांना जिना उतरवेना, आणि फोन लावायला मानीपणा आडवा आला. मी लावायला हवा होता. उद्या लावू म्हणालो, ते राहूनच गेलं. दहाव्या दिवशी अप्पा गेले. चार वर्षं त्यांनी मला पासवर्ड बदलू दिला नाही. म्हातारपणचा हट्ट समजून मी चिडायचो.

वहिनींना नमस्कार. धाकट्यावर राग धरू नये, ही विनंती.

तुझा
श्रीशैल

सांगोला, ता. १८ नोव्हेंबर

चि. श्रीशैल यास आशीर्वाद.

तुझं पत्र अर्धं मी वाचलं, पुढचं दीक्षानं वाचून दाखवलं.

होय, आलो होतो. पिठाच्या गिरणीपाशी गाडी लावली होती. दीक्षा म्हणत होती, चला वर, हाकललं तर परत येऊ, त्यात काय. मी मांडीवर लॅपटॉप उघडून महत्त्वाचं काम असल्याचं सोंग केलं. त्यानं घरचं वायफाय धरलं, तेही पाहिलं. वाटलं, पासवर्ड बदलायचा राहिला असेल. इतकंच वाटलं मला! गाडी वळवली. मान वर केली असती तरी उघडं दार दिसलं असतं. याची चुटपुट आता जन्माची आहे.

तुझा सल्ला मोडतोय. लहान प्रोग्रॅम काढला, मोठा ठेवला. जाऊ की नको, हे विचारत बसायला मी एकटा पुरेसा आहे. त्या दिवशी लॅपटॉप घरात पोचला, मी गाडीतच राहिलो.

रविवारी दोघं येतो. अव्वाला म्हणावं, चहा टाक. माझ्यावर माया असू दे, आणि पासवर्ड बदलू नकोस.

तुझा अण्णा
प्रभुलिंग